पाटाकडेचं अठरावं घर

१

मी बुधा. गंगापूर रोडच्या मागं, पाटाच्या कडेला आमची वस्ती आहे. पुढं दहा-दहा मजल्यांच्या इमारती, मागं पाट, मध्ये आमची सतरा घरं. आम्ही सगळे कोकणा आदिवासी, पेठच्या वरच्या अंगाचे. वस्तीत कुणाचं भांडण झालं की मला बोलावतात, कारण मी आवाज चढवत नाही. पण दोन महिने झाले, मी पोटात राग धरून आहे. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून सांगायला बसलो. बसलो म्हणजे, बोलायची रीत आहे म्हणून तसं म्हटलं.

मला लिहिता येत नाही. हे सगळं मी शुभांगीच्या आवाज धरणाऱ्या यंत्रात बोललो आणि तिनं कागदावर उतरवलं. तुझ्याबद्दल जे येईल ते बदलू नको, असं मी तिला बजावलंय.

दुपारी घर रिकामं असतं. मुलगा रिक्षा घेऊन जातो, सून मीना समोरच्या इमारतीत धुण्याभांड्याला जाते. मी दारात बसून शिंदीच्या पानांचे झाडू बांधतो. त्या दिवशी तसाच बसलो होतो, तेव्हा ही पोरगी, शुभांगी, आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात कागदांचा गठ्ठा.

"बाबा, आमची संस्था एक पुस्तक करतेय. नाशकात बाहेरून कोणकोणते समाज आले, कधी आले, का आले. मारवाडी झाले, बोहरी झाले, फाळणीनंतर आलेले सिंधी झाले. आता तुमच्याकडे आले."

"आम्ही कुठून आलो?"

"पेठहून ना?"

"पेठ कुठं हाय?"

"नाशिक जिल्ह्यात."

"मंग?"

ती ओशाळली. "रकान्याचं नाव तसं छापलंय हो. आगमनाचं वर्ष."

"हा समोरचा रस्ता कोणत्या वर्षी आला ते विचारलं का त्याला? तो आमच्यानंतर आलाय. त्याला कुणी म्हणत नाय, तू कुठला."

ती हसली, पण तिनं ते लिहून घेतलं. म्हणून मला ती आवडली. मग एकटीच घरोघर फिरली. दोन तासांनी परत येऊन माझ्याशेजारी टेकली आणि कागद मोजले.

"झाली बाबा. अठरा घरं."

२

"सतरा," मी म्हटलं.

तिनं पुन्हा मोजले. अठरा. मी झाडू बाजूला ठेवला आणि तिच्याबरोबर निघालो. वस्ती एवढीशी. पहिलं घर दत्तूचं, शेवटचं माझं. प्रत्येक दारापुढं ती एकेक कागद खाली घालत आली. माझ्या दारात आलो तेव्हा तिच्या हातात दोन उरले.

"हा तुमचा. आणि हा तुमच्या शेजारचा. तुमच्या घराच्या आणि पाटाच्या मधल्या घराचा."

माझ्या घराच्या आणि पाटाच्या मध्ये काही नाही. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे आणि लगेच उतार. ती त्या भिंतीपुढं उभी राहिली. हात लावून बघितला.

"इथं दार होतं. उंबऱ्याला शेण सारवलेलं होतं, ताजं. मी वाकून आत गेले." मग स्वतःच म्हणाली, "उन्हाचं झालं असेल. मी कुठलंतरी घर दोनदा केलं असेल."

"वाचून दाखव."

तिनं वाचलं. अक्षर तिचंच होतं, ती म्हणाली. माणसं पाच. काम ऊसतोड. कधी आलात, तर आत्ताच. नावांच्या जागा पाचही कोऱ्या.

"नावं का नाय लिहिली?"

"त्या बाईंनी सांगितलीच नाहीत. म्हणाल्या, शेजाऱ्याला विचार. आमची नावं त्याच्यापाशी ठेवलीत."

मी तिला म्हटलं, जा आता, उशीर झाला. चार वाजले होते फक्त.

३

आमच्याकडं दिवाळी झाली की माणसं जगायला जातात. ऊस तोडायला, द्राक्षाच्या बागांत, वीटभट्टीवर. त्याला जगायला जाणं असंच म्हणतात. आमच्या काही घरांत तेव्हा एक रीत होती. निघताना घरधनी शेजाऱ्याच्या कानात घरातल्या सगळ्यांची नावं सांगायचा. शेजाऱ्यानं ती सांभाळायची. माणसं वाटेवर असेपर्यंत ती कुणापुढं उच्चारायची नाहीत, परक्यापुढं तर नाहीच. वाटेवरच्याचं नाव घेतलं तर वाट त्याला सोडत नाही, असं म्हणायचे. परत आले की शेजाऱ्यानं दारात एकेकाला नावानं हाक मारायची, मग त्यांनी आत शिरायचं.

हसायचं असेल तर हसा. तुमच्या आज्याही नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या.

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली. माझ्या शेजारचं घर सायखेड्याकडं ऊस तोडायला गेलं होतं. पाच माणसं. आणि तेव्हाच पाटाकडेच्या झोपड्या मोजायला दोघं आले. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात चुन्याचा डबा.

"या घरात कोण राहतं?"

मी गप्प.

"अरे, नाव सांग ना. वाचा गेली का?"

मी गप्प.

"मग लिहू, कोणी नाही म्हणून?"

मी मान हलवली. मला वाटलं, मी नावं राखली. वहीवाल्यानं लिहिलं, दुसऱ्यानं कुडावर चुन्याची फुली मारली. आठ दिवसांनी घर पाडलं. कुडाचं घर, पाडायला किती वेळ लागतो? झाडाच्या सावलीत बसून विडी संपेपर्यंत.

मी अडाणी होतो, मान्य. पण ते दोघं शिकलेले होते ना? दाराला काटी लावलेली दिसत होती. वळचणीला नागलीचं मडकं टांगलेलं दिसत होतं. तरी माणूस राहतो हे दिसलं नाही? दिसलं की. पण डोळ्यांनी बघितलेलं त्यांच्या कामाचं नव्हतं. अजून नाही.

ती माणसं काही परत आली नाहीत. असंच मी सगळ्यांना सांगत आलो.

४

आठ दिवसांनी शुभांगी पुन्हा आली. या वेळी कागद नव्हते. हे यंत्र होतं.

"बाबा, त्या घरातलं बोलणं मी यात घेतलं होतं. तुम्ही ऐका. मी कुणालाच ऐकवलं नाहीये."

आधी तिचा आवाज आला. नमस्कार, आत येऊ का? मग काही नाही. मग पुन्हा तीच, हो हो, बसते. थोड्या वेळानं, पाणी चालेल. पेला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, पितळेचा. मग ती विचारत गेली, मध्ये थांबत गेली, हं हं म्हणत गेली. दुसऱ्या कुणाचा शब्द नाही.

"मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मला त्यांचा आवाज आठवतोय बाबा. इथं नाहीये तो."

"बिघडलं असंल."

"तुमचं सगळं नीट आलंय. त्याच दिवसाचं."

मी म्हटलं, पुन्हा लाव. या वेळी मी डोळे मिटून ऐकलं. तिच्या बोलण्यामागं एक आवाज होता. उभं राहून दमलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतं ना, तसा. जमिनीवर टाच सरकते तसा. एकाचा नाही, चार-पाच जणांचा. थांबून थांबून.

"त्या बसल्या नाहीत," शुभांगी हळूच म्हणाली. "मी तीनदा म्हटलं, बसा ना. कुणीच बसलं नाही."

५

त्यानंतर मी दुपारी झाडू बांधेना. स्वयंपाकघराच्या दारात बसायला लागलो.

मीनाचं स्वयंपाकघर झकपक आहे. पांढऱ्या फरशा, गॅस, स्टीलची मांडणी, सगळं तिनं लोकांची भांडी घासून केलंय. खिडकी पाटाकडं. दुपारी तीनला ऊन ओट्यावर येतं. आणि ऊन ओट्यावर आलं की तो आवाज सुरू व्हायचा. टाच सरकायची. मग दुसरी.

मी विचार केला. समोरच्या इमारतीचा पंप असेल. विचारून आलो, पंप सकाळीच चालतो. पाटाला पाणी सुटलं असेल. बघून आलो, पाट कोरडा. घुशी असतील. पिंजरा लावला, काही सापडलं नाही. मग म्हटलं, पंच्याहत्तरीचे कान आहेत, त्यांचं काय खरं धरायचं? यावर दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मीना तावातावानं बाहेर आली. "मामा, दुपारी माझ्या स्वयंपाकघरात कोण येतं? रोज फरशी पुसते, रोज माती."

"माझ्या पायाची असंल."

"तुमच्या पायाला मुरूम लागंल. ही बघा." तिनं फडकं पुढं केलं. काळी माती. चिकट, ओली, उसाच्या वावरातली. इथं कुठंही नाही तसली. तशी माती बघायची तर खाली सायखेड्याकडं जावं लागतं.

त्या दुपारी माझा राग सुटला. जन्मात कधी ओरडलो नाही तसा त्या रिकाम्या फरशांवर ओरडलो. "माझ्याकडं काय येता? ज्यानं वही धरली त्याच्याकडं जा! ज्यानं फुली मारली त्याच्याकडं जा! माझ्यासारख्या अडाण्याला गाठता? लाज वाटत नाय?"

टाचांचा आवाज थांबला.

तो थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली. कारण बोलणं ऐकायचं असलं की माणसं अशीच थांबतात.

६

मग दत्तू बातमी घेऊन आला. दत्तू आमच्या वस्तीचा पुढारी, तोंडाळ पण कामाचा.

रस्ता रुंद होणार होता. वस्ती उठणार. पण ज्यांची घरं यादीत, त्यांना मागच्या बाजूला दोन-दोन खोल्या, नळ आत. आणि यादी म्हणून महापालिकेच्या साहेबांनी शुभांगीच्या संस्थेचेच कागद धरले होते. अट एकच. कागदावर जेवढी घरं, तेवढीच जागेवर दिसली पाहिजेत. एक जरी जास्त निघालं तर सगळी यादी खोटी. मग पुन्हा मोजणी कधी होईल देव जाणे, आणि वस्ती तर उठणारच.

"ती पोरगी म्हणते, कागदांवर छापील नंबर हाय. अठरावा फाडता येत नाय," दत्तू म्हणाला. "वस्तीतल्या जुन्या माणसानं साहेबांपुढं सांगायचं, अंगठा द्यायचा. अठराव्या घरात कोणी राहत नाय. बस. तात्या, एका अंगठ्याचं काम हाय."

"आणि राहत असंल तर?"

"कुठं? तुमच्या गॅसच्या टाकीमागं?"

जमलेले सगळे हसले. मीना हसली नाही.

"मामा, बारा वर्षं मी त्या लोकांच्या घरी नळ सोडते आणि आपल्या घरी हंडे वाहते. तुमचं काय चाललंय मला माहीत नाय. पण या वेळी आडवं येऊ नका. हात जोडते."

तिचं खरं होतं. सोळा घरांचं खरं होतं. मला फक्त पुन्हा एकदा तशीच मान हलवायची होती. पहिल्यांदा मला कळत नव्हतं, आता कळत होतं, एवढाच फरक.

७

आता ते सांगतो, जे चाळीस वर्षं सांगितलं नाही.

ते परत आले होते.

शिमग्याच्या आधी. घर पडून तीन महिने झाले होते. जागा मोकळी होती, माझ्या घरात तान्हं होतं, बायको म्हणाली, नाहीतर दुसरा कोणी घेईल. म्हणून मी त्या जागेवर भिंत घालत होतो, आता मीनाचं स्वयंपाकघर आहे तिथं. पाटाकडं तोंड करून, गुडघ्यावर, हातात गारा. माझ्या पाठीमागं पावलं आली आणि थांबली. बरीच पावलं. मला कळलं कोण ते. कोंबडी कुरकुरत होती, त्यांची कोंबडी मी ओळखायचो.

मी वळलो नाही. मनात म्हटलं, ही वीट बसवतो मग वळतो. ती बसली, म्हटलं, आणखी एक. त्यांनी हाक मारली नाही. कशी मारणार? हाक मी मारायची होती. दिवस कलेपर्यंत मी विटा बसवल्या. मग पावलं गेली. पाटाच्या कडेनं, खालच्या अंगाला. त्या रात्री मी जेवलो. पोटभर जेवलो. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

पुढं त्यांचं काय झालं, कुठं गेले, मी कधीच विचारलं नाही.

८

साहेब सकाळी अकराला आले. पांढरी गाडी, हातात पाण्याची बाटली. वस्ती गोळा झाली. शुभांगी कागद घेऊन कडेला उभी होती, तिचा चेहरा उतरलेला.

"हं, जुनं माणूस कोण? तुम्ही? बोला बाबा, अठराव्या घरात कोणी राहतं?"

दत्तू मागून कुजबुजला, "नाय म्हणा, नाय म्हणा."

"राहतात," मी म्हटलं. "पाच जण."

गलका झाला. दत्तूनं शिवी हासडली. साहेब वैतागले. "कुठे? दाखवा. जागेवर सतराच घरं आहेत."

"सतराच हायेत. शेवटचं हाय ना, माझं म्हणतात ते, ते त्यांचं. जागा त्यांची. मी बळकावली. त्यांचं नाव लिहा, माझं काढा. सतराचे सतरा राहतील."

"तुमचं नाव काढलं तर तुम्हाला खोल्या मिळणार नाहीत. कळतंय का?"

"कळतंय."

मीना मध्ये आली. तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की नखं रुतली. "येड लागलंय त्यांना. साहेब, लिहू नका. मामा, माझं घर हाय ते! मी केलंय! तुमच्या बापाचं हाय का दान करायला?"

"नाय," मी म्हटलं. "माझ्या बापाचं नाय, तेच सांगतोय."

ती रडली नाही. तिनं दंड सोडला. अजून ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या जागी मीही बोललो नसतो.

साहेब म्हणाले, "नावं सांगा लवकर. ऊन व्हायला लागलंय."

मी म्हटलं, लिहून घ्या. पण तुमच्यापुढं नाय सांगणार. पोरी, तू चल दारापाशी. ऐक आणि लिही.

९

शुभांगी बाहेर राहिली. मी स्वयंपाकघरात गेलो. तीन वाजायचे होते, ऊन अजून ओट्यावर आलं नव्हतं. तरी ते होते.

वर बघायचं धाडस झालं नाही. मी फरशीकडं बघत राहिलो. पांढऱ्या फरशीवर पाय होते. दहा. घोट्यापर्यंत काळी माती. एका पायात वाळा होता. सगळ्यात लहान पायाची टाच उचललेली होती, थरथरत होती. मागच्या भिंतीवर सावल्या पडल्या होत्या. त्या माणसांच्या मानानं फार उंच होत्या, छताला टेकलेल्या. तेव्हा मला उमगलं. डोक्यावरची ओझी अजून कुणी उतरवली नव्हती.

ओझं एकट्याला उतरवता येत नाही. समोरच्यानं हात द्यावा लागतो.

"जान्या," मी हाक मारली आणि हात पुढं केले. हातांत वजन आलं. गोधडीत बांधलेली भांडी. मी खाली ठेवलं. "सुलाबाई." हलकं होतं, पण ओलं. "बयाबाई." त्यात काहीतरी कुरकुरलं. "मंगळी." बाहेर शुभांगीच्या पेनचा आवाज येत होता. कुणी काही बोललं नाही. मला वाटत होतं, शिवी द्यावी, थुंकावं, कानाखाली मारावी. कुणाला राग नव्हता. बेचाळीस वर्षं उभं करून ठेवलं आणि यांना राग नाही! मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अरे, बोला की काहीतरी!"

मग "पवळी" म्हटलं. पाचवं ओझं हातात आलं नाही.

माझ्या डोक्यावर काहीतरी ठेवलं गेलं. आधी फडक्याची चुंबळ, नीट, मधोमध, वाटेला लागणाऱ्या माणसाला बायका ठेवून देतात तशी. मग चार हातांनी उचलून, सांभाळून, वर ओझं. माझी मान आत गेली. कुणीतरी माझा खांदा थोपटला.

आणि मग ते खाली बसले. दमलेलं माणूस जमिनीला टेकताना श्वास सोडतं, तो मी ऐकला. पाच वेळा.

शुभांगी म्हणते, डोक्यावर काही नाहीये बाबा, बसा. मीही हात लावून बघितला, नाहीये. पण बसायला गेलो की ते कलंडतं, आणि उतरवायला समोर कुणी नाही. हे सगळं मी तिला पाटाच्या कडेला बोललो, ती दगडावर बसून ऐकत होती. मी उभाच होतो. अजून उभाच आहे.